शेवटच्या गाडीमागची गाडी

१. दगड

दगड जागेवर नव्हता, आणि अर्व्हिला टेब्सच्या पायात रविवारचे बूट होते. या दोहोंपैकी जास्त चीड कशाची आली, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

लिटल बिटर नदीची घळ वरच्या अंगाला आवळत जाते तिथे तीन दगड होते. कडेचे दोन घराएवढे, कड्यावरून कधीतरी निखळून पडलेले. मधला माणसांनी आणून उभा केलेला: खांद्याइतका उंच, अंगाने सडपातळ, वरच्या टोकाखाली वासराच्या मानेसारखा खोलगट. त्याच्या अलीकडे जीपवाले आणि पायी चालणारे, दोघांनी नदीपात्रातला रस्ता वाटून घ्यायचा. पलीकडे मैलभर, किटली नावाच्या डोहापर्यंत, फक्त चालणाऱ्यांनी जायचं. हा तह अर्व्हिलाने घडवून आणला होता. समितीत अर्धे जीपवाले, अर्धे चालणारे आणि मध्ये अध्यक्ष म्हणून ती. मृदंगावर थाप पडली तर निदान ताल तरी निघतो. तिच्या वाट्याला दोन्हीकडून नुसत्याच थापा.

आता तो मधला दगड आडवा होऊन नदीच्या खालच्या अंगाला ओढला गेला होता. मोकळ्या झालेल्या फटीतून एका गाडीची चाकं वर गेली होती आणि तीच परत आली होती.

जमीन खात्याच्या डेव्हिन प्रुइटने तिला चर्चमध्ये, जिथे सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात, मधल्या बाकावरून, सगळ्यांदेखत, खुणेने बाहेर बोलावलं होतं. तरुण माणूस, गावात नवा, वाऱ्यातही टोपी सरळ. वाळूत उभा राहून तो नियम सांगत होता. चाकं थेट किटलीच्या पाण्यात गेली आहेत, तो म्हणाला. बुधवारी समितीची बैठक आहे. तोवर हे कुणी केलं ते कळलं, तर त्या एकाला पाच वर्षं घळीत गाडी आणायला बंदी. नाही कळलं, तर घळ चाकांना बंद करावी असं तो वर कळवणार. पार तोंडापासून.

"बंद म्हणजे कुणाला?"

"सगळ्यांनाच, मॅडम."

चाकं बंद म्हणजे ऑरिन बंद. ऑरिन हेस हा तिचा थोरला भाऊ, ऐंशीला टेकलेला, कमरेचे दोन्ही सांधे कामातून गेलेले. उमेदीची सगळी वर्षं त्याने या घळीत गुरं राखली, आणि आता नदी बघायची तर ट्रकच्या काचेतूनच. अर्व्हिला स्वतः पायी चालणारी. जीपचा आवाज ऐकला की तिच्या कपाळाची शीर उडायची. तरी तिने इतकी वर्षं घळ चाकांना उघडी ठेवली ती एका ऑरिनसाठी. हे समितीत मात्र ती कधी बोलली नव्हती. हेस घराण्यात स्वतःच्या माणसासाठी काही मागायची रीत नव्हती.

प्रुइट एका गोष्टीवर अडला होता. दगड ओढल्याचा चर दिसत होता, चाकं दिसत होती, पण वाळू ओलसर, परवाच्या वाऱ्याने गुळगुळीत झालेली, आणि दगडाच्या आसपास माणसाचं एकही पाऊल

२. नव्हतं

नव्हतं म्हणजे खरोखरच नव्हतं. दगड हलवल्याचं पहिल्यांदा दिसलं ते चालणाऱ्यांच्या पुढारी थिओडोरा लँग यांना, पहाटे, आणि त्यांनी लांबूनच फोटो काढून प्रुइटला कळवलं होतं. "मी पुरावा तुडवला नाही," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या होत्या.

दुपारी अर्व्हिलाने बॉइड लेविटला तिथे बोलावून घेतलं. बॉइडचं गॅरेज होतं आणि जीपवाल्यांचा तो म्होरक्या. चर्चची वाट त्याने केव्हाच सोडली होती, त्यामुळे रविवारी तोच काय तो मोकळा सापडायचा. आपण आदल्या दिवशी तीन जीप घेऊन इथवर आलो, वळलो, खाली सावलीत जेवलो आणि गेलो, तेव्हा दगड उभा होता, असं त्याने आल्याआल्या सांगितलं. कुणी विचारायच्या आधी.

"मी तुझ्यावर कुठे आळ घेतला?"

"तू नाही घेतलास, पण ती गाणंवाली लँगबाई घेणार. तिला आम्ही नदीत थुंकलो तरी गुन्हा वाटतो."

"तू थुंकतोस का नदीत?"

"हा मुद्दा नाही, अर्व्हिला."

मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याचा राग हळूहळू ओसरून त्याच्या जागी कुतूहल आलं. दगडाच्या मानेभोवती दोराने खरवडल्याची पांढरी रेघ होती. त्याला ते हास्यास्पद वाटलं. दगड काढायचा तर बुडाशी खणायचं, बुडाला पट्टा घालायचा, गाडीच्या नाकावर दोर गुंडाळणारा विंच असतो त्याने बेताबेताने ओढायचं. चार माणसं तास-दीड तास नाचतात तेव्हा होतं. इथे कुणीतरी मानेत फास अडकवून गाडी नुसती मागे घेतली होती. "हा दगड आहे की वासरू?" तो म्हणाला.

दुसरी गोष्ट त्याने बोटाने मोजून दाखवली. त्याच्या तीन जीपच्या खुणा रुंद, पसरट, वाळूवर तरंगल्यासारख्या. ही चौथी खूण अरुंद आणि खोल, नांगरासारखी. घळीच्या तोंडाशी थांबून प्रत्येक जण खाली उतरतो, चारही चाकांशी उकिडवा बसतो आणि हवा निम्म्यावर आणतो, तेव्हा कुठे वाळूत गाडी चालते. या माणसाने हवा काढलीच नव्हती. म्हणजे बाहेरचा, बॉइड म्हणाला. भाड्याची गाडी घेऊन आलेला कुणी शहरी येडा. डोहात गाडी घालतो म्हणजे प्यायलेलाही असणार. प्रकरण मिटलं.

अर्व्हिला परत निघाली ती बॉइडच्या जीपमध्ये न बसता, पायी. त्यावर तो काय पुटपुटला ते तिने ऐकून सोडून दिलं. रविवारच्या बुटांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. ती त्या अरुंद खुणेच्या कडेकडेने चालत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की खूण प्रत्येक उताराशी, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, बरोबर वरच्या अंगाने पाण्यात शिरते, जिथे तळाला गोटे आहेत. तांबड्या वळणापाशी सगळे नवखे सरळ जातात आणि रुततात. ही गाडी तिथे झुडपांना घासून, आडवाटेने गेली होती. ती वाट कुणी सांगितल्याशिवाय दिसत नाही.

म्हणजे नदी तळहातासारखी ठाऊक असलेला, आणि तरीही हवा न काढणारा माणूस. तिने बॉइडला फोन करून विचारलं, असा कोण आहे गावात. असा माणूस, बॉइड म्हणाला,

३. असूच शकत नाही

संध्याकाळी अंगणात दोनदा हॉर्न वाजला. अर्व्हिलाने कपाळाला हात लावला, ताटात चीज घातलेले बटाटे वाढले, वर मक्याच्या पोह्यांचा चुरा टाकला आणि ताट घेऊन ट्रकच्या खिडकीशी गेली.

ऑरिन पलीकडच्याच घरात राहायचा. सकाळी एकदा, दोन्ही हातांनी चौकटीला लोंबकळत, तो ट्रकमध्ये चढायचा आणि मग दिवसभर उतरायचा नाही. जेवण ट्रकमध्ये, बातम्या ट्रकमध्ये, शेजाऱ्यांशी बोलणं ट्रकच्या काचेतून. शनिवारी गुरांच्या लिलावाला जायचा तोही कुंपणाबाहेर ट्रक लावून बघत बसायला. अर्व्हिलाला हे सगळं पाठ होतं आणि सगळ्याचा वीट आला होता.

"दारापर्यंत ये म्हटलं तर पाय झिजतात का तुझे?"

"झिजलेतच की," तो म्हणाला.

तिने त्याला घळीतली हकीकत सांगितली. सांगताना तिचा आवाज चढत गेला. प्रुइटची टोपी, बॉइडचं शहाणपण, थिओडोराबाईंचे फोटो, सगळं आलं त्यात. ऑरिन बटाटे खात राहिला. तो असा ऐकायचा की भिंतीशी बोलणं बरं वाटावं.

"बुधवारी बंद?" शेवटी त्याने विचारलं.

"नाव नाही मिळालं तर."

"सगळ्यांनाच?"

"चाकं असलेल्या सगळ्यांना. तुलाही."

त्याने काटा ताटात ठेवला. बटाटे निम्मे उरले होते. ऑरिनने ताटात काही टाकल्याचं तिला आठवत नव्हतं. वाईट वाटलं असणार बिचाऱ्याला, असं तिच्या मनात आलं. ताट घेऊन ती आत गेली आणि नाव शोधायचंच, असं तिने ठरवलं. याच्यासाठी तरी.

४. हातवारे

थिओडोरा लँग राजधानीत शाळेतल्या मुलांना समूहगान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गावात आल्यापासून वाळवंटाच्या शांततेचं रक्षण त्या घसा ताणून करत होत्या. सोमवारी सकाळी अर्व्हिलाला त्यांनी व्हरांड्यात बसवलं आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की तपासाची गरजच नाही. जीपवाल्यांनी केलं, चाकं बंद करा, विषय संपला.

"कुठल्या जीपवाल्याने?"

"त्याने काय फरक पडतो, मिसेस टेब्स? सगळे एका माळेचे मणी."

अर्व्हिलाने मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. मग शनिवारचं विचारलं. बाई शनिवारी दुपारी घळीत वर चालल्या होत्या तेव्हा त्यांना त्या तीन जीप समोरून, बाहेर पडताना भेटल्या. नंतर त्या मुक्कामाला एका आडव्या, अरुंद घळीत शिरल्या. तिथे धबधब्याचा आवाज असा की तोफ डागली तरी ऐकू येऊ नये. सकाळी उठून वर गेल्या तर दगड नाही. मधल्या वेळात कोण गेलं-आलं, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मग तक्रार सुरू झाली, आणि ती दगडाची नव्हती. चिखल उडवला ते सोडून देऊ, पण त्या लोकांनी आपल्याला हातवारे केले. तिघांनीही. वयाने मोठ्या बाईला.

अर्व्हिला थकली होती. तिला हे हातवारे माहीत होते. अरुंद वाटेत समोरून कुणी आलं की जीपवाला बोटांनी सांगतो, माझ्यामागे अजून किती गाड्या आहेत. त्यावरून समोरच्याने ठरवायचं की वाटेत शिरायचं की कडेला थांबायचं. शेवटचा बंद मूठ दाखवतो: मागे कुणी नाही, आता वाट तुमची. हे ती थिओडोराबाईंना यापूर्वीही समजावून चुकली होती आणि बाईंनी ते समजून घ्यायला साफ नकार दिला होता. ती उठायला लागली. पण बाईंना न्याय हवा होता.

"पहिला तो लेविट. त्याने असं केलं." बाईंनी दोन बोटं दाखवली. "मागून त्याची बायको क्लिओन. एक. आणि सगळ्यात निर्लज्ज तो शेवटचा, त्याचा जावई नेफाय, शाळेचे पाइप दुरुस्त करतो तो. हसून केलं त्याने, वर टोपीला हात लावला."

"काय केलं त्याने?"

"तेच."

"दाखवा, थिओडोरा. मला नीट करून दाखवा."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली, आणि दाखवलं. मूठ नव्हती. ते होतं

५. एक बोट

"शेवटचा तूच होतास ना, नेफाय?"

"हो."

"मग मूठ का नाही दाखवलीस?"

"हात चुकला असेल, सिस्टर टेब्स."

"शेंबडा होतास तेव्हापासून घळीत येतोयस. आजवर नाही चुकला तो."

"लिंबू-सोडा घेणार का? आत शाळेच्या फ्रिजमध्ये आहे. गार आहे."

"नेफाय बंटिंग."

"घ्या तर. ऊन किती आहे."

"तुझ्यामागे कोण होतं?"

"मी घळीतून बाहेर पडलो तेव्हा मागे कुणीसुद्धा नव्हतं. खरं सांगतोय."

"बाहेर पडलास तेव्हाचं विचारलं नाही मी. बोट दाखवलंस तेव्हाचं विचारतेय."

"हा पाइप बघा ना, दर सोमवारी फुटतो. पोरं लाथा मारतात."

"तुझ्या सासऱ्याला ठाऊक आहे?"

"नाही. ते पुढे गेले होते. माझं फावडं सुटलं, ते बांधायला मी जेवलो त्या सावलीत मागे राहिलो."

"आणि तेवढ्यात कुणीतरी तांबड्या वळणाच्या झुडपांआडून, त्यांना न दिसता, खालून आलं."

"पाना कुठे ठेवला मी?"

"बोल रे बाबा. मला दुसरीही कामं आहेत."

"म्हणाला, तू हो पुढे, मी वळवून येतोच तुझ्यामागे. मग मी बोट दाखवलं. मला वाटलं येतोय."

"कोण म्हणाला?"

"नाही सांगत."

"परवा सगळी घळ बंद होतेय. तुला, क्लिओनला, बॉइडला, सगळ्यांना. एका माणसासाठी?"

"विचारू दे त्या टोपीवाल्याला. त्यालाही नाही सांगणार."

"मी विचारतेय."

"तुम्ही नका विचारू, सिस्टर टेब्स."

"मी अध्यक्ष आहे. मी नाही तर कोण विचारणार?"

"कुणीही विचारा. तुम्हीच तेवढ्या नका."

६. जो उतरला नाही

सोडा तिच्या हातात कोमट झाला. शाळेसमोर गाडीत बसून ती आधी नेफायवर चिडली, मग बॉइडवर, मग सोड्यात लिंबू जास्त झालं म्हणून सोड्यावर. चिडायचं कुणी उरलं नाही तेव्हा तिने विचार केला.

दगडाभोवती पाऊल नव्हतं. सगळे म्हणत होते, पुसलं असेल. पण एवढा चर, एवढी चाकं तशीच ठेवून फक्त पावलं कोण पुसेल? पावलं नव्हती, कारण कुणी गाडीतून उतरलंच नव्हतं. फास मानेतच का, याचंही उत्तर तेच. जन्मभर गुरं राखलेला माणूस दोर फेकतो तो मानेवर, आणि फेकतो बसल्या जागेवरून. बुडाशी पट्टा घालायला वाकावं लागतं. हवा काढायला चार वेळा उकिडवं बसावं लागतं. नदीचा प्रत्येक उतार ठाऊक असलेल्या माणसाला हवा काढायची असते हे ठाऊक नसेल असं होईल का? ठाऊक होतं त्याला. त्याला फक्त बसता येत नव्हतं, आणि बसलं तर उठता येत नव्हतं.

आणि शनिवारी तो लिलावाला होता. होता, असं तिने धरलं होतं. विचारलं नव्हतं.

मग तिला किटलीच्या पाण्यात शिरलेली चाकं आठवली. प्यायलेल्या येड्याची म्हणून बॉइडने निकालात काढलेली ती चाकं. गाडी पाण्यात का घालायची? अर्व्हिलाने डोळे मिटले. उत्तर आलं आणि तिला ते नको होतं.

घरी पोचली तेव्हा तो अंगणातच होता. त्याने हॉर्नवर हात नेला.

"वाजवलास तर बघ," ती म्हणाली.

७. किटली

ती खिडकीशी उभी राहिली. ऑरिनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काच पूर्ण खाली केली. नाकारायचा त्याने प्रयत्नही केला नाही. त्याला नाकारायचा कंटाळा होता की कमीपणा वाटायचा, हे तिला कधी कळलं नव्हतं.

बसल्या जागेवरून दोर फेकला तो पहिल्याच फेकीत बसला, असं तो म्हणाला. एवढ्या वर्षांनी. दुसरं टोक त्याने सकाळी ट्रकमध्ये चढायच्या आधीच पुढच्या बंपरला बांधून ठेवलं होतं, आणि दगड ओढल्यावर ढील देऊन झटक्याने फास सोडवला. त्यात थोडी ऐट होती, आणि त्या ऐटीने ती जास्तच भडकली. मागचा-पुढचा विचार, कायदा, समिती, तिची अब्रू, यातलं काहीच डोक्यात आलं नाही का, असं ती बोलत सुटली. तो थांबला. तिचं संपल्यावर त्याने उरलेलं सांगितलं. किटलीच्या उथळ कडेने त्याने ट्रक पाण्यात घातला, दाराच्या पायरीला पाणी लागेपर्यंत. मग दार उघडलं, बूट काढले आणि पाय खाली सोडले. बसला. अंधार पडायच्या आत निघाला.

"एवढंच?"

"एवढंच."

"दगड परत उभा नाही करता आला?"

"ओढता येतो बसून. उभा करता येत नाही."

अर्व्हिलाने ट्रकच्या दारावर मूठ आपटली. "मला सांगायचं नाहीस? तह करताना मी दगड कुठे ठेवायचा ते ठरवत होते. तो मैल मी त्या लोकांना देऊन टाकला, ऑरिन. मी. माझ्या हाताने. तू तिथेच होतास, खिडकीतून बघत. एक शब्द नाही बोललास."

"तू विचारलं नाहीस."

"तू सांगितलं नाहीस."

"दोन्हीकडचे तुझं डोकं खात होते. मी तिसरा कशाला होऊ?"

मग तिने त्याला सरळ हिशेब मांडून दाखवला. नाव नाही दिलं तर घळ सगळ्यांना बंद, म्हणजे त्यालाही. नाव दिलं तर घळ सगळ्यांना उघडी, फक्त त्याला बंद. पाच वर्षं. त्याच्या वयाला पाच वर्षं म्हणजे कायमचीच. दोन्हीकडून तो बाहेरच. ज्याच्यासाठी एवढी सगळी उठाठेव केली, तो एकटाच.

"मग नाव देऊन टाक," तो म्हणाला. "यात विचार करण्यासारखं काय आहे?"

तो बरोबर बोलत होता. त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

८. बुधवार

समितीची बैठक गावच्या बंबखान्यात भरायची. ऑरिनने ट्रक दारातच लावला होता. बंबवाल्यांनी तो हलवायला सांगितलं आणि त्याने हलवला नाही.

अर्व्हिलाने उभं राहून, कागद न बघता, सगळं सांगितलं. पाऊल नाही, हवा काढलेली नाही, फास मानेत, उतार बरोबर, आणि एक बोट. शेवटच्याला थिओडोराबाईंच्या कपाळावर आठी पडली. आपल्या तक्रारीतूनच उलगडा झाला याचा आनंद मानावा की अपमान, हे त्यांचं ठरत नव्हतं. नेफाय बुटांकडे बघत होता. "आणि डोहात गाडी घातली ती गाडी धुवायला नाही," अर्व्हिला म्हणाली. "पाय बुडवायला. त्याला पाण्यापर्यंत चालता येत नाही. तो ऑरिन हेस. माझा भाऊ."

बॉइडने टोपी काढली.

प्रुइटने नियमाप्रमाणे पाच वर्षांची बंदी वाचून दाखवली. मग तो म्हणाला की बंदी ज्याला लागते त्याला काही म्हणायचं असेल तर ते ऐकून घ्यावं लागतं, तशी पद्धत आहे. तो बाहेर ट्रककडे गेला. मागोमाग सगळी समितीच गेली, एकाने उठल्यावर मागे बसून राहणं कुणालाच जमेना म्हणून.

"मिस्टर हेस, तुमचं काही मागणं आहे का?"

"नाही," ऑरिन म्हणाला.

"आहे," अर्व्हिला म्हणाली.

"व्हिला, जाऊ दे."

"नाही जाऊ देत. आयुष्यभर जाऊच देत आलोय आपण. माग. तोंडाने माग. नाहीतर मी मागेन आणि माझ्या भाषेत मागेन, ती तुला ठाऊक आहे."

ऑरिनने स्टिअरिंगवरचे हात उचलले, परत ठेवले. हे त्याला दगड ओढण्यापेक्षा जड जात होतं, ते सगळ्यांनाच दिसत होतं. प्रुइटने टोपी नीट केली, ती आधीच नीट होती.

"किटली," ऑरिन म्हणाला. "वर्षातून एकदा. गाडी दुसऱ्या कुणी चालवली तरी चालेल."

प्रुइट म्हणाला, दगडाच्या पलीकडे चाक जायचं तर चालणाऱ्यांची संमती लागेल. सगळे थिओडोराबाईंकडे वळले. त्या ट्रकच्या पायरीकडे बघत होत्या. पायरीला डोहाचा पांढरा गाळ अजून चिकटलेला होता.

"वसंतात अजिबात नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पक्षी घरटी करतात. एप्रिल, मे, जून, मी ऐकून घेणार नाही."

"जुलै-ऑगस्टमध्ये कोण मरायला जाईल?" बॉइड म्हणाला. "पूर येतो. आणि एकटी गाडी नको, दोन हव्यात. एक रुतली तर?"

"दोन? दोन गाड्या? एक म्हणजे एक, मिस्टर लेविट. आणि संगीत नाही."

"कुणी लावलं होतं संगीत?"

"मागच्या वर्षी तुमच्याच त्या–"

"बाई, ते माझ्या गाडीत नव्हतं, ते त्या..."

प्रुइट म्हणाला की असा अर्ज करायची काही पद्धत आहे का हे त्याला बघावं लागेल. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. क्लिओनने सप्टेंबर सुचवला आणि तो हरणांच्या शिकारीमुळे बाद झाला. थिओडोराबाई म्हणाल्या, गाडीपुढे आपण स्वतः चालत जाऊ, आणि गाडीने आपल्या चालीने यायचं. बॉइड म्हणाला, मग पोचणार कधी. नेफायने फेब्रुवारी म्हणून पाहिलं आणि त्याला दोन्हीकडून गप्प केलं.

अर्व्हिलाचं डोकं ठणकायला लागलं. कित्येक वर्षं हेच, हाच आवाज, हीच माणसं. ती दोघांवर ओरडणार होती. तोंड उघडलं, आणि मग मिटलं. भांडण कोणत्या महिन्यात यावरून चाललं होतं. गाड्या किती, चाल किती, गाणं कुणाचं. 'नाही' कुणीच म्हटलं नव्हतं.

"मार्च घ्या मग," बॉइड वैतागून म्हणाला. "मार्चमध्ये तर कुणाचं काही नाही ना?"

ट्रकच्या खिडकीतून ऑरिनने मान बाहेर काढली.

"मार्च नको," तो म्हणाला. "मार्चमध्ये पाणी फार गार असतं."